वावर करमुक्त, मग दाखवायचं कशाला?

जुलै लागला की अमरावती-अकोल्यात सीएच्या टेबलासमोर हा प्रश्न हमखास येतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे खरंच. पण सोबत पगार असेल, तर १९७३च्या वित्त कायद्यापासून ते कराचा दर ठरवायला मोजतात.

अकोल्यातला एखादा प्राध्यापक घ्या. वजावटीनंतर पगार १४ लाख, कपाशी-तुरीचे निव्वळ ३ लाख. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत १७ लाखांवर कर होतो १,४०,००० रुपये. त्यातून ७ लाखांवरचा, म्हणजे करमुक्त ४ लाख अधिक शेतीचे ३ लाख यांवरचा, १५,००० रुपये कर वजा. उरले १,२५,०००. नुसत्या पगारावर ९०,००० बसले असते. उपकर वेगळाच. शेतीवर कर नाही म्हणता म्हणता ३५ हजार गेलेच की!

शेती कशाला म्हणायचं, यातही गंमत आहे. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेतली संत्र्याची कलमं विकली, तर ते शेतीउत्पन्न. २००८च्या वित्त कायद्याने तसं स्पष्टच केलं. म्हशीचं दूध मात्र नाही, चारा घरच्या वावरातला असला तरी.

आणि शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपुढे गेलं, की आयटीआर-१ चालत नाही. नोकरदाराने आयटीआर-२ भरावा.