सायकलवरून कृष्णाकाठ

इतिहासाच्या पुस्तकात स्थळांची नावे एकापुढे एक येतात; परंतु त्या दोन नावांमध्ये चढ किती, उतार किती, वाटेत पाणी कोठे मिळते आणि सावली कोठे मिळत नाही, हे पुस्तक सांगत नाही. मोटारगाडीतून जाणाऱ्यासही ते कळत नाही. कारण चढ इंजिन चढते आणि प्रवासी डुलक्या घेतो. पायी जाणाऱ्यास ते उत्तम कळते, पण एका दिवसात त्याचे फार थोडे पाहून होते. या दोहोंच्या मधले वाहन म्हणजे सायकल होय. ती माणसास पादचाऱ्याच्या तिप्पट वेगाने नेते, आणि तरीही भूमीचा प्रत्येक उंचवटा त्याच्या गुडघ्यांस सांगून जाते. अशा प्रवासाची तयारी कशी करावी, आणि त्यायोगे ऐतिहासिक स्थळे अधिक चांगली कशी समजतात, हे सातारा ते मेणवली या एका मार्गाच्या उदाहरणाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वाहनाविषयी दोन शब्द. ज्या पायगाडीवर आज आपण बसतो तिचे रूप इ. स. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले यांच्या 'रोव्हर' सायकलीने ठरविले. तत्पूर्वी पुढचे चाक प्रचंड असे व पायडल त्याच चाकास जोडलेले असे. पडणारा फार उंचावरून पडे. स्टार्ले यांनी दोन्ही चाके जवळजवळ सारखी केली व पायांची शक्ती साखळीने मागच्या चाकास दिली. पुढे १८८८ मध्ये डनलॉप या बेलफास्टच्या पशुवैद्याने हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले, आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन सुखावह झाले. आपल्याकडील धाडसाचे उदाहरणही विसरण्याजोगे नाही. १९२३ मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परत आले. आपणांस तितके दूर जावयाचे नाही; पण त्यांनाही एका वेळी एकच चढ चढावा लागला, हे ध्यानात ठेवावे.

चढ सोपा कसा होतो, हे थोड्या गणिताने कळते. समजा, पुढील दातेरी चक्रास ४४ दाते व मागील चक्रास १८ दाते आहेत. पायडल एकदा फिरविले असता मागचे चाक सुमारे २.४ वेळा फिरेल; चाकाचा परीघ २.२ मीटर धरल्यास सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाईल. आता मागील चक्र २८ दात्यांचे घेतले, तर तेवढ्याच एका फेऱ्यात ती ३.५ मीटरच जाईल, परंतु पायांस जोरही त्याच प्रमाणात कमी लागेल. गिअर म्हणून जे म्हणतात ते हेच. निसर्ग फुकट काही देत नाही. अंतर गमवावे तेव्हा बल मिळते. ज्याच्या सायकलीस गिअर नाहीत त्याने तीव्र चढावर खुशाल उतरून चालावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रवासापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. बैठक इतकी उंच असावी की, टाच खालच्या पायडलवर टेकली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. बैठक फार खाली असली तर गुडघे दुखू लागतात. धावेत हवा कमी असली तर खड्ड्यात ट्यूब लोखंडी कडेखाली चिमटून फाटते. अति भरली तर प्रत्येक खडा मणक्यास लागतो. दोन्ही ब्रेक स्वतः दाबून पाहावेत. पंप, एक पाना, पंक्चरचे ठिगळ व सोल्यूशन प्रत्येक तुकडीजवळ असावे, आणि ते वापरावयास तुकडीतील निदान दोघांस यावे. ओझे पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधावे. चपाती, गूळ व शेंगदाणे यांपरते सोयीचे खाणे नाही. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत जावे. डोक्यावर हेल्मेट व मागे तांबडा दिवा असल्याखेरीज कोणासही निघू देऊ नये. ऋतू म्हणाल तर दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम. तेव्हा ओढ्यांस पाणी असते, शेतात ज्वारी उभी असते आणि ऊन सुसह्य असते.

आता मार्ग पाहू. हा मार्ग कृष्णा नदीच्या प्रवाहाविरुद्ध जातो. साताऱ्याहून माहुली, तेथून लिंब, मग पाचवडवरून वाई व शेवटी मेणवली, असे हे टप्पे आहेत; एकंदर अंतर सुमारे ५० ते ५५ किलोमीटर भरते. ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने हे साडेचार तासांचे काम आहे. पण पाहण्यास व विसाव्यास वेळ हवा, म्हणून पहाटे निघून सायंकाळी वाईस मुक्कामी राहावे. लिंब फाटा व पाचवड येथपर्यंतचा टप्पा पुणे–बंगळूर महामार्गाच्या अंगाने जातो. तेथे बाजूच्या सेवारस्त्यानेच, एकामागे एक, काही अंतर ठेवून जावे. गप्पा मारण्याची जागा ती नव्हे.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसले आहे. मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटलेल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये याच साताऱ्यास झाला. शहराच्या पूर्वेस सुमारे पाच किलोमीटरवर माहुली आहे. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णा व वेण्णा या दोन नद्या येथे एकत्र येतात. दोन्ही काठांवर देवळे व घाट आहेत, आणि नदीकाठी सातारच्या राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे हे याच गावचे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल राघोबादादांस तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा हा पुरुष ज्या घाटावर लहानपणी वावरला, तेथे क्षणभर उभे राहावे.

माहुलीहून परत फिरून महामार्गाने उत्तरेस गेल्यावर लिंब गावाचा फाटा लागतो. फाट्यापासून आत गेले म्हणजे झाडीत 'बारा मोटांची विहीर' दृष्टीस पडते. शाहू महाराजांच्या वेळी वीरूबाई भोसले यांनी ती इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट. मुख्य विहीर अष्टकोनी असून तिला पायऱ्यांची चौकोनी विहीर जोडली आहे. दोहोंच्या मध्ये कोरीव खांबांचा एक लहानसा महालच आहे. आंब्याच्या बागांस पाणी देण्यासाठी ही विहीर बांधली, असे सांगतात. बारा मोटा एका वेळी चालाव्यात अशी वर सोय आहे. मोट कशी चाले, हे आजच्या मुलांस सांगावे लागते. कारण विजेचे पंप आले आणि मोटा गेल्या. बैल धावेच्या उतारावरून खाली जात, नाडा ताणला जाई, भरलेली मोट वर येई, आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात पडून पाटाने बागेकडे वाही. बैलाची वाट मुद्दाम उतरती ठेवीत, म्हणजे त्याच्या शक्तीस त्याच्या देहाचे वजन साहाय्य करी. चढावर सायकलस्वार उभा राहून पायडलवर आपला सारा भार घालतो, तेव्हा तोही याच युक्तीचा अवलंब करीत असतो. नुकताच चढ चढून आलेल्या मुलास ही विहीर जितकी कळेल, तितकी ती चित्र पाहून कळावयाची नाही.

पाचवडला महामार्ग सोडला की रस्ता शांत होतो. डोंगरांच्या रांगा दोहों बाजूंनी जवळ येतात, उसाचे मळे लागतात, आणि वैराटगड काही काळ सोबत करतो. वाईस अफझलखानाचा तळ १६५९ मध्ये पडला होता. येथूनच तो प्रतापगडाकडे गेला. पुढे पेशवाईत रास्ते घराण्याने हे गाव घाटांनी व देवळांनी सजविले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधिलेले ढोल्या गणपतीचे देऊळ ऐन नदीकाठी आहे. बहुतेक प्रवासी मूर्तीचे दर्शन घेऊन परततात. पण देवळाच्या मागील बाजूस जाऊन भिंत अवश्य पाहावी. ती सपाट नसून नावेच्या नाळेप्रमाणे निमुळती आहे. पुराचा लोंढा येऊन आदळला असता तो दुभंगून दोहों बाजूंनी निघून जावा, ही त्यातील योजना. दिवसभर समोरच्या वाऱ्याशी झुंजून, मान खाली घालून अंग आखडून आलेल्या सायकलस्वारास या निमुळत्या भिंतीचे मर्म कोणी समजावून सांगावयास नको. मराठी विश्वकोशाचे कार्य ज्या गावी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हातून उभे राहिले ते गावही हेच.

वाईपासून तीन किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागे कृष्णेचा सुंदर घाट व घाटावर मेणेश्वराचे देऊळ, असा हा देखावा आहे. येथेच टांगलेल्या एका मोठ्या घंटेकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृती आहे आणि १७०७ हा आकडा आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये पोर्तुगीजांचा पाडाव झाल्यावर, तेथील चर्चमधील ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्यांपैकी ही एक. नाशिकची प्रसिद्ध 'नारोशंकराची घंटा' याच जातीची. ज्या वर्षी औरंगजेब मृत्यू पावला व शाहू महाराज मुक्त झाले, त्याच वर्षाचा आकडा या घंटेवर आहे, हा योगायोग सनावळी पाठ करणाऱ्यांनी टिपून ठेवावा.

ही घंटा युद्धातील लूट होय. ते लपविण्याचे कारण नाही. ज्या चर्चमध्ये ती वाजत असे तेथील भाविकांस तिच्या जाण्याचे दुःख झाले असेल, यात शंका नाही. तथापि दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. ती वितळवून तोफ ओतता आली असती. मरियेची आकृती छिन्नीने पुसता आली असती. यांपैकी काही एक झाले नाही. परधर्माची आई व तिचे बालक शिवालयाच्या अंगणात आजही स्पष्ट दिसतात. आमच्या शाळेत अनेक धर्मांची मुले एका बाकावर बसतात. त्यांनी या घंटेपुढे उभे राहून दोन्ही गोष्टी एकदम मनात धराव्यात: जे घेतले गेले ते, आणि जे राखले गेले तेही. त्यांपैकी एकच सांगणारा इतिहास अर्धा इतिहास होय, आणि अर्ध्या इतिहासाने माणसे भांडतात.

शेवटी वर्तनाविषयी. वाडा खासगी मालकीचा आहे. परवानगी घेऊनच आत जावे. विहिरीच्या कठड्यावर ओणवू नये, घाटावर उष्टे टाकू नये. भिंतीवर आपले नाव खरडणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की, तीनशे वर्षे जो दगड पुराने झिजला नाही, तो त्याच्या चाकूने विद्रूप होतो. गावकऱ्यांशी नम्रपणे बोलावे. वाट पुसताना म्हाताऱ्यांस 'बाबा', 'आजी' म्हणावे, म्हणजे वाटेसोबत पुष्कळ जुनी माहितीही मिळते. प्रत्येकाने वही ठेवून रोज तीन गोष्टी लिहाव्यात: काय पाहिले, ते तेथेच का बांधले असावे, आणि आज त्याची निगा कोण राखतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या मार्गावर बहुधा 'पाणी' असे येईल. तिसऱ्याचे उत्तर कित्येक ठिकाणी 'कोणी नाही' असे आले, तर ते तसेच लिहावे. कारण ज्यांनी आज ते लिहिले, त्यांच्याकडूनच उद्या काही होण्याची आशा आहे.

प्रत्येक तालुक्यात एखादी नदी आहे आणि तिच्या काठी एखादा घाट, बारव किंवा पडका बुरूज आहे. कृष्णाकाठ दूर वाटणाऱ्यांनी आपल्या गावापासून आरंभ करावा. अशा प्रवासांची टिपणे पुढील अंकासाठी आमच्याकडे आली, तर त्यांस या पानांत आनंदाने स्थान देऊ.