कागदावरचे भोक काय सांगते?

लक्ष्याच्या कागदावरचे भोक पाहून नेमबाज आपला नेम तपासतो. त्याच भोकावरून गोळीची प्रकृतीही तपासता येते. कधी भोक वाटोळे न पडता लांबट पडते, तर कधी कागदावर भोकच सापडत नाही. दोन्ही वेळा ‘नेम चुकला’ असेच पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ही दोन परस्परविरुद्ध विकारांची लक्षणे असू शकतात. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर विकार बळावतो. म्हणून आधी निदान, मग उपाय.

गोळीला फिरवावे का लागते?

रायफलीची गोळी लांबट व टोकदार असते. हवेचा दाब तिच्या ज्या बिंदूवर एकवटला आहे असे मानता येते, तो बिंदू गुरुत्वमध्याच्या पुढे, टोकाकडे असतो. त्यामुळे गोळी किंचित कलली, की हवा तिला आणखी कलवू पाहते. बाणाला मागची पिसे सरळ ठेवतात. गोळीला पिसे नसतात. तिला सावरते ते तिचे स्वतःभोवतीचे फिरणे. वेगाने फिरणारा भोवरा कलला तरी पडत नाही, त्याचा आस सावकाश गोल फिरत राहतो. गोळीचेही तसेच होते. भोवऱ्याची गती मंदावली की तो झिंगतो. गोळीची गती अपुरी असेल तर ती कोलांट्या खाते.

ही गती नळीच्या आतील मळसूत्रासारख्या खाचांमुळे मिळते. एक पूर्ण फेरा होण्यास नळीची जेवढी लांबी लागते, तिला आपण पिळाचे अंतर म्हणू. ब्रिटिश गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये त्यासाठी एक सोपा नियम दिला: पिळाचे अंतर = १५० × व्यासाचा वर्ग ÷ गोळीची लांबी. फार वेगवान गोळ्यांसाठी १५० ऐवजी १८० घेतात. या नियमात गोळीचे वजन नाही, लांबी आहे. गोळी जितकी लांब, तितका पीळ जवळचा हवा.

अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचे उदाहरण बोलके आहे. तिची गोळी ५.७ मिमी व्यासाची व सुमारे १९ मिमी लांब होती. नियमाप्रमाणे पिळाचे अंतर सुमारे ३०८ मिमी यायला हवे. सुरुवातीच्या नळ्यांत ते १४ इंच, म्हणजे ३५६ मिमी होते. एरवी काम भागे. पण कडाक्याच्या थंडीत गोळ्या अस्थिर होत. उणे ५४ अंश सेल्सिअसला हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक दाट असते, आणि गोळीला कलवणारे बल घनतेच्या प्रमाणात वाढते. शेवटी १९६० च्या दशकात हे अंतर १२ इंच, म्हणजे ३०५ मिमी करण्यात आले.

फिरणे अति झाले तर?

मग पीळ हवा तितका जवळ का घेऊ नये? समजा, पिळाचे अंतर १७८ मिमी आणि गोळीचा वेग सेकंदाला ९०० मीटर आहे. गोळी सेकंदाला सुमारे ५,००० फेरे घेईल. तिच्या पृष्ठभागावरील अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पावणेतीन लाख पटींहून अधिक भरते. हा ताण तांब्याच्या मिश्रधातूचे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ कवच सोसत असते. आत शिशाचा गाभा असतो. नळीतील घर्षणाने कवच तापते, आणि शिसे तर ३२७ अंशांनाच वितळते. गाभ्याचा बाहेरचा थर वितळला, त्यातच खाचांनी कवच चिरडले गेलेले असले, की गोळी वाटेतच फुटते. हवेत करड्या धुराची रेघ दिसते आणि लक्ष्यावर काहीच पोहोचत नाही.

निदान कसे करावे?

नळीपासून लक्ष्यापर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर कोरे कागद ताणून लावावेत. हे आपले साक्षीदार.

१. जवळच्या कागदावरच भोक लांबट असेल तर फिरणे अपुरे आहे. पिळाच्या मानाने गोळी लांब आहे, किंवा नळी झिजली आहे.

२. जवळ भोके वाटोळी आणि फक्त फार दूर लांबट असतील, तर दोष पिळावर ढकलू नये. वाटेत गोळीचा पुढे जाण्याचा वेग झपाट्याने घटतो, फिरण्याचा मात्र सावकाश. त्यामुळे त्या बाजूने तिची स्थिरता वाढतच जाते. गोळी ध्वनीच्या वेगापर्यंत, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपर्यंत मंदावते, तेव्हा तिच्याभोवतीचा प्रवाह बदलतो व ती डगमगू शकते. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये ज्या ५० मीटर प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले, त्यातील गोळ्या साधारणपणे ध्वनीपेक्षा कमी वेगानेच सोडतात, त्यामुळे हा टप्पा वाटेत येतच नाही.

३. पहिल्या कागदावर वाटोळे भोक, पुढच्यावर बारीक तुकड्यांचे ओरखडे किंवा काहीच नाही, तर गोळी फुटली. नळी तापल्यावर किंवा आतून खडबडीत झाल्यावर हे अधिक घडते.

पहिल्या विकारावर पीळ जवळचा किंवा गोळी आखूड घ्यावी. तिसऱ्यावर नेमके उलटे: पीळ लांबचा, वेग कमी किंवा कवच जाड. हरवलेली गोळी ‘अस्थिर’ समजून पीळ आणखी जवळ घेतला, तर पुढच्या गोळ्याही फुटतील.

वर्गात करून पाहा

ताणलेल्या कागदातून पेन्सिल आधी सरळ व नंतर तिरकी घालून भोके मोजा. कल थोडा असेल तर (भोकाची लांबी − व्यास) ÷ गोळीची लांबी ही कलाच्या कोनाची ज्या अंदाजे देते. वरील १९ मिमीच्या गोळीने ९ मिमी लांब भोक पाडले, तर ज्या ३.३ ÷ १९ = ०.१७ येते, गोळी सुमारे १० अंश कलली होती.

निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी: गोळी, वेग किंवा नळी. तिन्ही एकदम बदलल्या आणि भोके वाटोळी पडू लागली, तरी दोष कशात होता हे कळत नाही. प्रयोगवहीत मुलांना आपण हेच शिकवत असतो.