आधी काय गार करायचं: डोकं की हात?

समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर वसलेलं बेंगळुरू थंड हवेचं शहर म्हणून ओळखलं जातं. तरी तापलेल्या माणसाचं डोकं आणि हात कसे चालतात, याचा अभ्यास करणारी हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन याच शहरात, १९५७ पासून आहे. गगनयानाच्या अंतराळवीरांच्या निवडीतल्या वैद्यकीय चाचण्याही तिथेच झाल्या.

हवाई दलाला उकाड्याची एवढी काळजी का? धावपट्टीवर उड्डाणाची वाट पाहणारं लढाऊ विमान डोळ्यांसमोर आणा. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, बंद, वर रणरणतं ऊन. आत हेल्मेट, मास्क, हातमोजे, जी-सूट घालून पट्ट्यांनी आवळलेला वैमानिक. घामाच्या धारा लागतात, पण घाम वाळायला वाव नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंग निवत नाही. रक्त कातडीकडे धावतं, अंगातलं पाणी घटतं. मग हवेतल्या तीव्र वळणात, रक्त पायांकडे ओढलं जात असताना, डोळ्यांपुढे अंधारी लवकर येते.

मेंदू मात्र सगळा एकदम ढेपाळत नाही. दिवा लागला की बटण दाबायचं, इतकं साधं काम बराच वेळ जमतं. कधी ते जरा झटपटच होतं, फक्त चुका वाढतात. आकडे ऐकून मनात धरून ठेवणं, एकाच वेळी दोन गोष्टींवर नजर ठेवणं, अशी गुंतागुंतीची कामं आधी बिघडतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५० अंशांच्या खोलीतल्या लोकांचं अवधान टिकलं, स्मृती ढासळली. डोक्यावर थंड पिशव्या ठेवल्यावर स्मृतीचा काही भाग सावरला, सगळा नाही.

डोकं-मान गार करण्यात एक मेख आहे. तिथली कातडी गारव्याला फार संवेदनशील. ओला टॉवेल टाकताच जिवाला बरं वाटतं, पण आतलं तापमान जवळपास तेवढंच राहतं. मला विचाराल तर धोक्याचा माणूस हाच, ‘आता ठीक आहे’ म्हणत पुन्हा कामाला लागणारा.

खरी उष्णता बाहेर जाते तळहातांतून. तिथे रोहिणी थेट नीलेला जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. शरीर तापलं की त्या सताड उघडतात आणि रक्ताचा लोंढा कातडीखालून वाहतो. हात गार पाण्यात बुडवले की ते रक्त निवून परत जातं. ब्रिटिश नौदलाने अग्निशामकांसाठी हा उपाय १० ते ३० अंशांच्या पाण्यात तपासला. जितकं थंड पाणी, तितका लवकर गुण. पण बोटांची कातडी साधारण १५ अंशांखाली गेली की बोटं आखडतात, बधिरतात. आणि कॉकपिटमधल्या बारीक कळा दाबायच्या त्या याच बोटांनी. म्हणून लगेच नाजूक काम करायचं असेल, तर २० अंशांच्या आसपासचं पाणी आणि थोडा धीर बरा.

उष्माघाताची गोष्ट निराळी. अंगाचं तापमान चाळिशीपार, माणूस बरळतोय, अशा वेळी बोटांचा विचार करायचा नाही. मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवायचं, डोकं वर धरायचं, आणि गार केल्यावरच दवाखान्यात हलवायचं. तापमान ३९ च्या आसपास आलं की बाहेर काढतात, कारण त्यानंतरही ते काही काळ उतरतच राहतं.

वैमानिकासाठी मधला मार्ग म्हणजे गार पाणी खेळवणाऱ्या बारीक नळ्यांची बंडी. धड निवतं, हात मोकळे राहतात. मात्र तिला पंप लागतो, पाणी गार ठेवायची सोय लागते, आणि लढाऊ विमानात या सामानाला जागा काढणं हेच मोठं काम होऊन बसतं.