लेकीच्या पैशाची नोंद

“ताई, सोसायटीचं नवं-जुनं करायचंय.” मार्च उजाडला की लातूर जिल्ह्यातल्या गावाहून भावाचा फोन येतो. आपल्या राज्यात पीककर्ज मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही. मुदत हुकली की सवलत गेली. म्हणून मी पुण्याहून पैसे पाठवते. नवं कर्ज हाती आल्यावर ते परत यायचे असतात, पण तोवर खत, बियाणं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन असं काहीतरी पुढे येतंच.

हे सुरू होऊन अकरा वर्षं झाली. चौतिसाव्या वर्षीही मी कॉट बेसिसवर राहते. धाकटीच्या लग्नाला पीएफ काढला. भावाची फी मीच भरली. आयकराच्या जुन्या पद्धतीत फीची सूट स्वतःच्या मुलांपुरती, भावंडांची धरत नाहीत. एका स्थळाने माहेरी किती पैसे जातात ते विचारलं. खरं सांगितलं, पुढे निरोप आला नाही. कोरडवाहू दोन एकरांवर मला नर्सिंगला घालणाऱ्या माणसांना पैसे देण्याचं दुःख नाही. ते कुठेच मांडले जात नाहीत, हे लागतं.

कायद्याने लेकीला केव्हाच जबाबदार धरलंय. कल्याणच्या डॉ. विजया अरबट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितलं, की स्वतःची पुरेशी कमाई असलेल्या विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही मुलगा-मुलगी दोघं आहेत. हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. २००५ ची दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात नसले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने स्पष्ट झालं.

आणि तरी गावोगावी लेकी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोड पत्रावर सही करतात. माहेर तुटू नये म्हणून. एकदा नोंदलेलं हक्कसोड सहजी फिरवता येत नाही, हे सहीच्या वेळी त्यांना कुणी सांगत नाही. ज्या शेतावरचं कर्ज तिने फेडलं, त्याच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं.

यंदा मोबाइलवरून पैसे पाठवताना शेऱ्यात मी लिहिलं: ‘नवं-जुनं, उसने’. तासाभरात फोन.

“ताई, असं कशाला लिहिलंस? परकं वाटतं.”

“उसनेच मागितलेस ना?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “आई बोलायचं म्हणतेय,” आणि फोन तिच्याकडे दिला.