विश्लेषण : पैसे तिघांचे, आरसीवर नाव एकाचेच! रूम पार्टनरसोबत जुनी कार घेताना काय ठरवून ठेवाल?

तारापूर एमआयडीसीत नोकरी, बोईसरमध्ये तिघांनी मिळून भाड्याने घेतलेला वन बीएचके आणि तिघांच्या तीन पाळ्या. अशा घरात कधी ना कधी विषय निघतोच, ‘एखादी जुनी गाडी घेऊन टाकू या का?’ समजा, सव्वा लाखाच्या आत एखादी जुनी कार मिळाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस हजार येतात. हिशेब सोपा वाटतो. पण पैशांची वाटणी जितकी सहज होते, तितकी जबाबदारीची होत नाही. अपघात झाला, चलन आले किंवा एक जण नोकरी बदलून निघून गेला, तर काय होते? गाडी पाहायला जाण्याआधी हे समजून घेतलेले बरे.

बोईसर-तारापूरमध्ये जुन्या गाडीचा विचार का होतो?

तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे एमआयडीसीतील रसायन, औषध, पोलाद आणि कापड उद्योगांमुळे राज्याच्या कानाकोपऱ्यातून तरुण इथे येत राहिले. २०१३ मध्ये चर्चगेट-डहाणू लोकल सुरू झाली, तरी स्टेशन ते कंपनी हा टप्पा शेअर रिक्षा किंवा कंपनीच्या बसवर अवलंबून असतो. दुसरी पाळी रात्री सुटली किंवा मुसळधार पावसात रात्रपाळीला निघायचे असले की दुचाकी अपुरी पडते. नवी गाडी आवाक्याबाहेर असते, म्हणून दहा-बारा वर्षे जुन्या छोट्या हॅचबॅककडे लक्ष जाते.

तिघांनी पैसे घातले, तर मालक कोण?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तो मालक. आरसीवर साधारणपणे एकाच व्यक्तीचे नाव असते. तिघांनी आपसात लेखी करार केला, नोटरी केली, तरी तो तिघांमधल्या पैशांच्या व्यवहारापुरता उपयोगी पडतो. आरटीओ, पोलीस, विमा कंपनी आणि अपघात दावा न्यायाधिकरण आरसीवरचे नाव पाहतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. चलन नाव असलेल्याच्या मोबाइलवर येते. गाडी कोण चालवत होते, ही माहिती पोलिसांना देण्याची जबाबदारी कलम १३३ नुसार त्याची असते. परवाना नसलेल्या मित्राच्या हाती त्याने किल्ली दिली, तर कलम १८० नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

त्यामुळे भांडण टाळणारा सोपा मार्ग म्हणजे गाडी एकानेच, स्वतःच्या पैशांनी आणि स्वतःच्या नावावर घ्यावी. बाकीच्यांनी वापराप्रमाणे खर्च द्यावा. ज्याच्या नावावर धोका, त्याच्याच हातात निर्णय राहतो.

जुन्या मालकाच्या नावावरच गाडी चालवली तर?

‘नाव नंतर करू, आधी चालवू’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो दोन्ही बाजूंना महागात पडतो. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवणे अपेक्षित आहे. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या निकालात हाच मुद्दा होता. २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे हातोहात फिरत गेली, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे न्यायालयाने स्पष्ट केले. गाडी दोन वर्षांपूर्वीच हातातून गेली होती, हे त्याच्या कामी आले नाही.

शेजारी बसलेला मित्र ‘थर्ड पार्टी’ आहे का?

रूम पार्टनरच्या गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. जुन्या गाडीवर खर्च नको म्हणून अनेक जण केवळ थर्ड पार्टी विमा घेतात. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारसाठी त्याचा मूळ हप्ता २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आहे. कायद्याची अट त्यात पूर्ण होते. पण गाडीत बसलेल्यांचे काय?

खासगी कारमध्ये विनामोबदला बसलेली व्यक्ती केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या पॉलिसीत ‘थर्ड पार्टी’ धरली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या तिलक सिंग प्रकरणात म्हटले होते. सर्वसमावेशक, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत गाडीतील व्यक्तींना संरक्षण मिळते, हे २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणातील निकालाने स्पष्ट झाले. समजा, रात्रपाळीहून येताना डोळा लागला आणि गाडी झाडावर आदळली. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर मागे बसलेल्या मित्राच्या भरपाईचा भार विमा कंपनीवर येत नाही. दावा गाडीमालकाच्या अंगावर येऊ शकतो. चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर त्या वाहनाच्या विम्यातून दावा करता येतो.

चालवणाऱ्या मित्राची स्थिती आणखी नाजूक आहे. मालकाकडून गाडी मागून घेणारा हा मालकाच्याच जागी येतो आणि त्या गाडीच्या विम्यात तो तिऱ्हाईत ठरत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रामखिलाडी प्रकरणातही मान्य केले. १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते ‘ओनर-ड्रायव्हर’साठी, म्हणजे वैध परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकासाठी. किल्ली घेऊन गेलेल्या रूम पार्टनरला ते लागू होत नाही.

यावर उपाय आहेत. तिघे गाडी वापरणार असतील, तर कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी घ्यावी. गाडीतील प्रवाशांसाठीचे वैयक्तिक अपघात संरक्षण त्यात जोडून घ्यावे. चालवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढावा. गाडी खरेदी केल्यावर पॉलिसीही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्या व्यक्तीचा असतो.

आणखी एक इशारा. आपसात पेट्रोलचा खर्च वाटून घेणे वेगळे आणि कंपनीतल्या चार जणांकडून सीटमागे महिन्याचे भाडे घेणे वेगळे. खासगी कारच्या पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही, त्यामुळे दावा नाकारला जाऊ शकतो.

१५ वर्षे झालेली गाडी घ्यावी का?

महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर खासगी गाडी आपोआप भंगारात जात नाही. तपासणी करून नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. पण खर्च वाढला आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील कारच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील कारसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. उशीर झाल्यास महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून ‘नोंदणी कधीपर्यंत वैध’ हा रकाना आरसीवर आधी वाचा. सहा महिने शिल्लक असतील, तर तेवढी रक्कम भावातून कमी करून मागा.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही पाहा. कारसाठी तिचे शुल्क जीएसटी सोडून ७४५ रुपये आहे. सीएनजी किट असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

गुजरात किंवा दिल्लीची गाडी खरेच स्वस्त पडते का?

वापी, वलसाड जवळच आहेत. शिवाय दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या गाड्याही इतर राज्यांत विकायला येतात. भाव कमी दिसतो. मात्र परराज्यातील गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची, तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, नवा क्रमांक घ्यावा लागतो. ती रक्कम आधी काढून किमतीत मिळवा, मगच तुलना करा. गावाकडून जळगाव किंवा धुळ्याची गाडी आणली असेल, तर मालकाचा पत्ता बदलल्याची माहिती कलम ४९ नुसार ३० दिवसांत द्यावी लागते.

किनारपट्टीवरची गाडी पाहताना काय तपासावे?

इथे इंजिनाआधी पत्रा पाहा. चिंचणी, नांदगाव, तारापूरच्या खाऱ्या हवेतील क्लोराइड गंजाची प्रक्रिया वेगाने करतात. त्यात औद्योगिक हवेची भर पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील औद्योगिक पट्ट्यांत सर्वात वर होते. अशा हवेत उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असू शकते.

दाराखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, जॅक लावण्याची जागा आणि सायलेन्सर वाकून पाहा. पायाखालचे मॅट आणि गालिचा उचला, डिकीतली स्टेपनी काढा. साधे लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे गंज कापून पुट्टी भरलेली असण्याची शक्यता आहे. ब्रेकचे पाइप आणि सस्पेन्शनच्या जोडण्या गंजल्या असतील, तर तो सुरक्षेचा प्रश्न आहे. अशी गाडी सोडून द्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. मुळाशी चिखलाचा डाग किंवा कुबट वास असेल, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. निळा धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीतले इंधनाचे रबरी पाइप आणि गॅस्केट खराब होऊ शकतात, तेही मेकॅनिककडून तपासून घ्या. मेकॅनिक आपला असावा, विकणाऱ्याचा नव्हे.

खर्चाची वाटणी कशी करावी?

‘सगळे तीन भागांत’ ही पद्धत दोन महिन्यांत बिनसते. कारण एक जण रोज गाडी नेतो आणि दुसरा फक्त रविवारी. त्याऐवजी खर्चाचे दोन भाग करा.

पहिला भाग, गाडी उभी असली तरी होणारा खर्च. समजा, विमा आणि पीयूसी मिळून वर्षाला ९,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७५०. पार्किंग ५००. गाडीची किंमत दोन वर्षांत १,२०,००० वरून ८४,००० वर येईल असे धरले, तर महिन्याला घट १,५००. एकूण २,७५० रुपये, तिघांत प्रत्येकी सुमारे ९१७.

दुसरा भाग, किलोमीटरप्रमाणे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सरासरी १५ किमी धरली, तर इंधन ७ रुपये. टायर, ऑइल, ब्रेक, क्लच यांसाठी २ रुपये. म्हणजे किलोमीटरला ९ रुपये. महिन्याला २५० किमी चालवणाऱ्याचे ३,१६७ रुपये होतात आणि ८० किमी चालवणाऱ्याचे १,६३७. तिघे मिळून २४० किमी फिरून आले, तर त्या फेरीचे प्रत्येकी ७२० रुपये. दर किलोमीटरचे दोन रुपये वेगळ्या खात्यात ठेवले, तर क्लच प्लेट गेल्यावर ‘कोणाच्या हातून गेली’ हा वाद उरत नाही.

चलन, फास्टॅग आणि पार्किंगचे काय?

व्हॉट्सॲपवर गाडीचा वेगळा ग्रुप करा. किल्ली घेताना आणि ठेवताना मीटरचा फोटो टाका. त्यात तारीख, वेळ आणि किलोमीटर आपोआप नोंदले जातात. ई-चलनावरही तारीख, वेळ आणि ठिकाण असते. दोन्ही जुळवले की पैसे कोणी भरायचे, हे विचारावे लागत नाही. खानिवडे किंवा चारोटी टोलनाक्यावरून जायचे असेल, तर फास्टॅग गाडीच्या नव्या मालकाच्या नावाचा हवा. जुन्या मालकाने त्याचा टॅग बंद केला, याची खात्री करा. खरेदीपूर्वीची थकीत चलनेही वाहन क्रमांकावरून तपासा आणि विकणाऱ्याकडून भरून घ्या. पार्किंगची जागा भाडेकरारात लिहून घ्या. घरमालकाचा शब्द सोसायटीच्या बैठकीत टिकेलच असे नाही.

एक जण खोली सोडून गेला तर?

कंत्राटी नोकऱ्यांमध्ये हे कधीही घडू शकते. गाडी एकाचीच असेल, तर जाणाऱ्याचा शेवटच्या महिन्याचा हिशेब पूर्ण केला की विषय संपतो. तिघांनी पैसे घातले असतील, तर बाहेर पडताना किंमत कशी ठरवायची, हे खरेदीच्या दिवशीच कागदावर लिहा. वरच्या उदाहरणात महिन्याला १,५०० रुपये घट धरली आहे. दहा महिन्यांनी गाडीची किंमत १,०५,००० रुपये होते आणि जाणाऱ्याला ३५,००० रुपये मिळतात. आकडा आधी ठरला असेल, तर घासाघीस होत नाही.

जाणारा आरसीवरचाच मालक असेल आणि गाडी बोईसरमध्येच राहणार असेल, तर किल्ली देण्यापूर्वी नाव बदलण्याचा अर्ज झाला पाहिजे. मित्राला दिलेली गाडीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने विकलेलीच गाडी असते. नोंदणी बदलली नाही, तर दोन वर्षांनंतरच्या अपघाताची नोटीस गावच्या पत्त्यावर येऊ शकते.