चिंधीचे मोल

घाटकोपरच्या शिंप्यांकडे रोज चिंध्या निघतात. आपण त्या टाकून देतो. आमच्या आईने अशाच चिंध्यांची गोधडी शिवली होती. त्याच रीतीने भिंतीवर टांगायची लहान गोधडी करता येते. हातभर लांब-रुंद पुरे.

सुती चिंध्या निवडा. आधी धुवा, नाहीतर कच्चा रंग शेजारच्या तुकड्याला लागतो. खाली जुन्या पातळाचा तुकडा, मध्ये फडके, वर चिंध्या. चिंध्यांच्या कडा आत मुडपा. कडेकडेने धावदोरा घालत मध्यावर या. मागे वरच्या अंगाला पट्टी शिवा आणि तीत काठी ओवा.

विकायची असेल तर दोऱ्याचा खर्च व लागलेले तास वहीत लिहा. मगच किंमत सांगा. बहिणींनो, चिंधी फुकट मिळाली, पण आपली मेहनत फुकट नाही!