बाथरूमच्या कपाटातलं गर्द

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना 'गर्द' हा शब्द आठवत असेल, आणि 'गर्दुल्ला'ही. पुलाखाली चांदीच्या कागदावर पूड जाळून धूर ओढणारी माणसं दिसली की आपण घाईने पुढे जायचो. इथे अमेरिकेत तो पूल डोळ्यांआड झाला. चांगल्या शाळेचं गाव निवडलं की हा प्रश्न आपला राहत नाही, असं आपण धरूनच चाललो.

पण इथे गर्दाची सुरुवात औषधाच्या नारिंगी बाटलीतूनही होऊ शकते. मुलाची अक्कलदाढ काढली किंवा सॉकर खेळताना गुडघा गेला, तर कधी हायड्रोकोडोन, कधी ऑक्सिकोडोन लिहून मिळतं. दोन्ही अफूच्याच कुळातली. दुखणं चार दिवसांत थांबतं आणि उरलेल्या गोळ्या 'लागतील कधीतरी' म्हणून बाथरूमच्या कपाटात राहतात. (भारतातून बॅगभर क्रोसिन आणणारे आपण, औषध टाकून देणं जिवावरच येतं!)

पहिल्या गोळीने मुलाला फक्त बरं वाटतं. परीक्षेची धास्ती, घरची अपेक्षा, शाळेतलं एकटेपण, सगळं तासा-दोन तासांसाठी दूर जातं. मेंदू ते लक्षात ठेवतो. काही आठवडे रोज घेतल्यावर तेवढ्याच गोळीने काही होत नाही, दोन लागतात. आणि न घेतल्यास घाम, पोटात मुरडा, हाडं ठणकणं, झोप नाही. इथून पुढे मूल मजेसाठी घेत नसतं; सकाळी उठून शाळेत जाण्यापुरतं धड वाटावं म्हणून घेत असतं. 'मनात आणलं तर सोडेल' असं आपण म्हणतो, पण नशेने ताबा घेतलेला असतो तो नेमका मनाचाच. त्यातून स्वतःला आवरण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

आता इथे वाढलेल्या तुमच्याशी थोडं. फोनवरून मागवलेली 'पर्कोसेट', 'झॅनॅक्स' किंवा रात्रभर अभ्यासासाठी घेतलेली 'ॲडरॉल' अगदी खऱ्यासारखी दिसते. आत फेंटानिल असू शकतं, आणि त्याचे दोन मिलिग्रॅम जीव घ्यायला पुरेसे ठरू शकतात. मिठाचे काही कण, एवढंच. १४ ते १८ वयोगटातले ओव्हरडोसचे मृत्यू २०१९मध्ये ४९२ होते, २०२०मध्ये ९५४ झाले. नशा करणारी मुलं वाढली नव्हती. गोळी बदलली होती.

आपल्या घरांत याच्या जोडीला एक गोष्ट असते: गुपित. मंडळात कळेल, भारतात आजीला कळेल, कॉलेजच्या प्रवेशाचं काय होईल. मग मुलाला 'मोनो झालाय' असं सांगून कार्यक्रम टाळले जातात आणि महिने जातात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं, तिथे येणाऱ्याला 'रुग्णमित्र' म्हणतात आणि उपचारात घरच्यांनाही सामील करून घेतात. चाळीस वर्षांपूर्वी तिकडे जे जमलं, ते इथे आपल्याला का जड जावं, हे मला खरंच कळत नाही.

मुलाच्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सोळा वर्षांपासून देता येतं. त्याने तडफड कमी होते आणि समुपदेशनाला जागा मिळते. पुन्हा घसरण झाली तर ती या आजारात होतेच. उपचार सोडू नका. रात्री-अपरात्री बोलायला ९८८ आहे.

उरलेल्या गोळ्या फार्मसीतल्या परतपेटीत टाकून या आणि येताना नारकॅन घ्या. नाकात मारायचा हा फवारा २०२३पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. मूल हलवूनही जागं होत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील, तर एका नाकपुडीत मारा आणि ९११ला फोन करा. मूल उठून बसलं तरी फोन कराच. फवाऱ्याचा असर तास-दीड तासात उतरतो, पण गोळीचा त्यानंतरही राहू शकतो.